गोव्याच्या अंदाजपत्रकात पाणी, खाजन, रान आणि खाण: पैसा नेमका कुठे शोधायचा?

लेखाशीर्ष

मार्चमध्ये अर्थसंकल्पी भाषण झालं की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत चौकटी येतात: पाण्याला इतके कोटी, पर्यावरणाला इतके कोटी. त्या आकड्यांवर इथे बरेच वाद झालेत. पण भाषणातला आकडा वर्षाचा, पाच वर्षांचा की केंद्राने अजून न दिलेला, हे चौकटीत कळत नाही. म्हणून हा धागा. ज्यांना कागद स्वतः उघडून बघायचेत त्यांच्यासाठी.

भाषण बाजूला ठेवा आणि अनुदानाच्या मागण्यांचे (खात्यावार खर्चाची मंजुरी मागणारे) खंड उघडा. पाण्यापुरत्या दोन मागण्या आधी बघायच्या: क्रमांक २१ सार्वजनिक बांधकाम आणि क्रमांक ७४ जलस्रोत. पेयजल खातं आता बांधकाम खात्यातून वेगळं झालंय, त्यामुळे जुन्या आणि नव्या वर्षाच्या मागण्या थेट शेजारी ठेवू नका. खातं फुटलं की एका मागणीत घट आणि दुसरीत वाढ दिसते, नळाला मात्र तेवढंच पाणी येतं. तुलना मुख्य लेखाशीर्षावर, म्हणजे पैसा कशासाठी हे सांगणाऱ्या चार अंकी क्रमांकावर करा. ते देशभर एकच असतं आणि खाती बदलली तरी बदलत नाही.

लक्षात ठेवायची शीर्षं अशी. २२१५ पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण, ४२१५ त्याचाच भांडवली खर्च. २७०१ मध्यम पाटबंधारे, २७०२ लघु पाटबंधारे, २७११ पूरनियंत्रण आणि निचरा, यांचे भांडवली जोडीदार ४७०१, ४७०२, ४७११. २४०२ मृद् व जलसंधारण. २४०६ वने आणि वन्यजीव. ३४३५ परिस्थितिकी आणि पर्यावरण. जमेच्या बाजूला ०२१५ पाणीपट्टी, ०४०६ वने, ०८५३ खाणी. २ ने सुरू होणारं महसुली (पगार, वीज, दुरुस्ती), ४ ने सुरू होणारं भांडवली (नवं बांधकाम). ३४३५ सुद्धा महसुलीच, कारण २ आणि ३ दोन्ही त्याच बाजूचे.

पूर्ण संकेतांक १५ अंकी असतो: मुख्य शीर्ष ४, उपमुख्य २, गौण ३, उपशीर्ष २, तपशील २, खर्चाचा प्रकार २. शेवटचे दोन अंक सगळ्यात जास्त बोलतात. ०१ पगार, ०२ मजुरी, २७ किरकोळ कामं, ३१ सहायक अनुदान, ५० इतर खर्च, ५३ मोठी कामं. गौण शीर्षात ८०० म्हणजे 'इतर'. त्या ओळीत मोठी रक्कम दिसली की संशयाने बघायचं. महालेखापरीक्षक यावर पुन्हा पुन्हा बोट ठेवत आलेत, कारण तिथे टाकलेला पैसा कशावर गेला हे पुढे कुणालाच सांगता येत नाही.

प्रत्येक ओळीला चार रकाने असतात: दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. लोक चौथा वाचतात. वाचायचा पहिला. एखाद्या योजनेला तीन वर्षं दहा कोटी दाखवलेत आणि पहिल्या रकान्यात शून्याच्या आसपास काही दिसतंय, तर ती योजना कागदावरच आहे, भाषणात ती कितीही वेळा आलेली असो.

आणखी एक, खास आपल्याकडचं. गोव्यात बहुतेक वर्षी मार्चमध्ये लेखानुदान (पहिल्या काही महिन्यांच्या खर्चापुरती मंजुरी) होतं आणि मागण्यांवर खात्यावार चर्चा व मंजुरी पावसाळी अधिवेशनात, म्हणजे जुलै-ऑगस्टमध्ये. तोवर चालू खर्च भागतो, नवी कामं अडतात. ऑगस्टनंतर प्रशासकीय मंजुरी, वित्त खात्याची खर्च-मंजुरी, मग निविदा. कामाचा आदेश निघेतो नाताळ. नदीतलं, कालव्यातलं किंवा खाजनातलं (भरतीच्या नदीकाठी बांध घालून राखलेल्या सखल शेतीतलं) काम करायला उरले जानेवारी ते मे, आणि त्यातलेही एप्रिल-मे पुढच्या आर्थिक वर्षात. मार्चअखेरीस पैसा परत का जातो, यातलं निम्मं उत्तर इथेच आहे.

नवखा_मतदार

उत्तम धागा. एक शंका. ३४३५ उघडून बघितलं तर रक्कम अगदीच किरकोळ दिसते. मग भाषणातले 'पर्यावरणासाठी' एवढे कोटी येतात कुठून?

लेखाशीर्ष

@नवखा_मतदार, बेरीज करणारा ठरवतो त्यावर आहे. नळाचं पाणी पेयजल खात्याकडे, धरणं आणि बंधारे जलस्रोतकडे, खाजनाचे बांध कृषी खात्याच्या मृद्संधारण विभागाकडे, मलनिस्सारण मोठ्या प्रमाणात त्याच्या महामंडळाकडे, कचरा त्याच्या वेगळ्या महामंडळाकडे. साळगाव आणि काकोडा इथले कचरा प्रकल्प त्यातलेच. किनारा नियमन पर्यावरण खात्याकडे. यातलं काय काय 'हरित' म्हणून मोजायचं हे भाषण लिहिणाऱ्याच्या हातात. सगळं मोजलं की आकडा फुगतो, ३४३५ एवढंच मोजलं तर हसू येतं.

महामंडळाला जाणारा पैसा अंदाजपत्रकात एकाच ओळीत दिसतो: ३१, सहायक अनुदान. सरकारने महामंडळाच्या खात्यात रक्कम टाकली की आपल्या वहीत ती 'खर्च' झाली. काम सुरू झालंय का, हे त्या ओळीतून कळायचा मार्ग नाही. त्यासाठी उपयोगिता प्रमाणपत्र मागायचं आणि महामंडळाचा ताळेबंद बघायचा. तो विधानसभेत मांडावा लागतो आणि बऱ्याचदा काही वर्षं मागे असतो.

पंपहाऊस

पाणीपुरवठ्याचा आकडा कसा तपासायचा ते लिहितो, कारण इथे गणित सोपं आहे आणि लपवायला जागा कमी.

एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर, १०० एमएलडी म्हणजे दिवसाला १ लाख घनमीटर. एक घनमीटर पाणी १०० मीटर उचलायला, पंप आणि मोटर मिळून ६५ टक्के कार्यक्षमता धरली तर ०.४२ युनिट वीज लागते. म्हणजे दिवसाला ४२ हजार युनिट. दर ६ रुपये गृहीत धरा (खरा दर त्या वर्षीच्या आदेशात बघा): दिवसाला अडीच लाख, वर्षाला साधारण ९.२ कोटी. ही फक्त वीज. साळावलीचा जलशुद्धीकरण प्रकल्प १६० एमएलडीचा, शिवाय वाढीव १००. ओपा, अस्नोडा, पडोसे, चांदेल, दाबोस, चापोली वेगळे. प्रत्येकाचं हेड (पाणी उचलायची उंची) वेगळं, म्हणून प्रकल्पवार गणित करा.

आता पंप जुना झाला, इंपेलर (पंपातलं फिरतं चाक) खाल्ला गेला, त्याभोवतीच्या वेअर रिंगचं अंतर वाढलं आणि कार्यक्षमता ५० टक्क्यांवर आली असं समजा. तेवढंच पाणी उचलायला ५४,५०० युनिट. रोज १२,५०० जादा, वर्षाला पावणेतीन कोटींच्या आसपास. इंपेलर आणि रिंगा बदलायला याच्या कितीतरी पट कमी लागतं. पण तो खर्च २२१५ मध्ये 'किरकोळ कामं' म्हणून मागावा लागतो आणि पहिली कात्री तिथेच बसते. याउलट अख्खा नवा पंप ४२१५ मधून, भांडवली खर्चातून येतो. केंद्राकडून राज्यांना भांडवली खर्चासाठी ५० वर्षं मुदतीचं बिनव्याजी कर्ज २०२०-२१ पासून मिळतंय, ते दुरुस्तीला वापरता येत नाही. त्यामुळे अभियंत्याला शहाणपण कळत असलं तरी फाईल नव्या पंपाचीच पुढे सरकते. वीज खातंही सरकारचंच, बिल थकलं म्हणून पंपहाऊसची वीज कुणी तोडत नाही. साहजिकच विजेची तरतूद कमी दाखवून वर्षाअखेरीस पुरवणी मागणी आणायचा मोह होतो. पुरवणी मागण्यांच्या पुस्तकात २२१५ दरवर्षी येतंय का ते बघा. येत असेल तर मूळ अंदाज मुद्दाम कमी धरलाय.

रसायनं. तुरटीऐवजी आता बहुतेक ठिकाणी पीएसी (पॉली अॅल्युमिनियम क्लोराईड). लिटरला २० मिलिग्रॅम मात्रा असेल तर १०० एमएलडीला रोज २ टन. जुलैत गढूळपणा वाढला की हेच दुप्पट. क्लोरीन लिटरला २ मिलिग्रॅम धरला तर रोज २०० किलो, म्हणजे ९०० किलोचा टोनर (मोठा सिलिंडर) साडेचार दिवसांत रिकामा. सांगे-केप्याच्या बाजूला पाणलोटात खाणींचे डंप (टाकाऊ मातीचे ढीग) असल्यामुळे मँगेनीजचा त्रास वेगळा: पिण्याच्या पाण्याच्या मानकात स्वीकार्य मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर ०.३. एक मिलिग्रॅम मँगेनीज काढायला १.९२ मिलिग्रॅम पोटॅशियम परमँगनेट लागतं. कच्च्या पाण्यात ०.५ असेल तर १०० एमएलडीला रोज ९६ किलो. मात्रा चुकून जास्त पडली तर नळाला गुलाबी पाणी येतं, कमी पडली तर कपड्यांवर तपकिरी डाग. उन्हाळ्यात धरणाच्या तळाशी प्राणवायू संपतो, गाळातलं मँगेनीज विरघळतं, आणि पहिल्या पावसात वरखाली पाणी मिसळलं की ते थेट प्रकल्पात. म्हणजे परमँगनेटचा साठा मेअखेर हवा. मागणी ऑगस्टमध्ये मंजूर होऊन उपयोग नाही, दरकरार आदल्या वर्षीच करून ठेवावा लागतो.

जमेची बाजू: ०२१५ ला २२१५ ने भागा. पाणीपट्टीतून चालू खर्चाचा किती हिस्सा निघतो ते कळेल. सप्टेंबर २०२१ पासून घरगुती ग्राहकांना महिना १६ हजार लिटरपर्यंत फुकट पाण्याची योजना आणली होती. अशा सवलतीचा भार खात्याला अनुदान म्हणून भरून दिला जातो की नुसती जमा घटते, हे दोन्ही शीर्षं शेजारी ठेवूनच समजतं. सवलत द्यावी की नाही हा वेगळा वाद. पण रक्कम कुठेतरी लिहिलेली असावी.

डिचोली_डावा_कालवा

पंपहाऊस बाब, +१. 'जुना मरू द्या, नवा घ्या' हे कालव्यालाही तंतोतंत लागू.

तिळारी हा गोवा आणि महाराष्ट्र यांचा संयुक्त प्रकल्प, १९९० चा करार, खर्चात आणि पाण्यात गोव्याचा वाटा ७३.३ टक्के. धरण आणि कालव्याचा सुरुवातीचा भाग दोडामार्गात, म्हणजे काम महाराष्ट्राचं खातं करणार, पैसे मोठ्या प्रमाणात गोवा देणार. गोव्याच्या अंदाजपत्रकात ही रक्कम वाटा म्हणून एका ओळीत येते. कुठल्या मीटरपासून कुठल्या मीटरपर्यंत अस्तर बदललं हे गोव्याच्या कागदात शोधून सापडणार नाही. अलीकडच्या वर्षांत कालवा तिथे वारंवार फुटलाय आणि इकडे अस्नोड्याच्या प्रकल्पाला कच्चं पाणी कमी पडून बार्देशचे नळ कोरडे पडलेत.

फुटतो का? भरावाच्या भागात अस्तराला तडे, त्यातून पाझर, खेकड्या-उंदरांची बिळं, बांधावर वाढलेल्या झाडांची मुळं. आणि एक कारण फार कमी बोललं जातं: गेट झटकन बंद करणं. कालव्यातली पातळी एकदम उतरते, मागची माती मात्र पाण्याने भरलेली राहते, तिचा दाब आतल्या बाजूला येतो आणि अस्तराची पाटी उचलून कालव्यात पडते. पातळी हळूहळू, टप्प्याटप्प्याने उतरवायची असते. अस्तरामागे निचऱ्याची छिद्रं चालू ठेवायची असतात. याला सिमेंट लागत नाही, माणूस लागतो. तो ०२ मजुरीतून येतो आणि तीच ओळ वाळलेली.

दुरुस्तीची खिडकी ऑक्टोबर-नोव्हेंबर. पाऊस थांबलेला, शेताला पाणी अजून मागितलेलं नाही. त्या आठ आठवड्यांत पैसा हातात नसेल तर पुढच्या वर्षीपर्यंत गोणपाटं आणि मातीच्या पिशव्या. करारातल्या वाट्याच्या रकमेतून देखभालीचा वेगळा हिस्सा काढून सप्टेंबरपूर्वी जमा करावा, एवढी साधी मागणी पावसाळी अधिवेशनात कपात सूचनेतून (मागणीची रक्कम घटवायचा प्रस्ताव मांडून) आणता येते.

नवखा_मतदार

आणि म्हादई नदी? पाणीवाटप लवादाने दिलेलं पाणी वापरायला तरतूद असते का?

डिचोली_डावा_कालवा

१४ ऑगस्ट २०१८ च्या निवाड्यात गोव्याला २४ टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकला १३.४२, महाराष्ट्राला १.३३. अधिसूचना फेब्रुवारी २०२० ची. २४ टीएमसी म्हणजे सुमारे ६८० दशलक्ष घनमीटर, साळावली धरणाच्या २३४ च्या जवळजवळ तिप्पट. ते अडवायला ४७०२ मधून बंधारे आणि छोटी धरणं हवीत. बघायचं ते हे, की ४७०२ च्या पहिल्या रकान्यात किती दिसतंय आणि त्यातलं किती खरोखर सत्तरी-धारबांदोड्यात. न्यायालयीन खर्च वेगळा, त्याची चर्चा इथे नको, धागा भरकटेल.

बंधारे बांधले तरी फळ्या वेळेवर घालाव्या लागतात. पाऊस ओसरला, प्रवाह कमी झाला की घालायच्या, मे सरता सरता काढायच्या. रबरी पट्टी सुकली की फटीतून पाणी जातं, आणि काढायला उशीर झाला की पहिल्या पुरात फळ्या वाहून जातात, कधी बाजूचा काठही. दर बंधाऱ्यामागे घालायची-काढायची मजुरी, पट्ट्या, मोडक्या फळ्यांची भर असा खर्च लिहून काढला तर रक्कम क्षुल्लक असते. बंधारे किती आणि देखभालीची तरतूद किती, एवढा भागाकार माहिती अधिकारात मागवा.

मानसकाठ

खाजनाबद्दल कुणीच लिहीत नाही म्हणून सविस्तर.

खाजनाचा बांध पूरनियंत्रण म्हणून जलस्रोतकडे जाऊ शकतो, शेतीचा म्हणून कृषीच्या मृद्संधारणाकडे जातो, आणि मालकी व देखभाल कायद्याने कुळांच्या संघटनेकडे, जिथे कोमुनिदादीची (जुन्या ग्रामसंस्थेची) जमीन तिथे तिचाही संबंध. बांध फुटला की तिन्ही दारं एकमेकांकडे बोट दाखवतात. तेवढ्यात भरती दिवसातून दोनदा येऊन जाते.

आकडे घ्या. बांध २ मीटर उंच, माथा दीड मीटर, दोन्ही उतार एकास दीड. पाया साडेसात मीटर, काटछेद ९ चौरस मीटर. १० मीटरचं खिंडार म्हणजे ९० घनमीटर, चिखल बसतो म्हणून वर १५ टक्के धरा, १०५ च्या आसपास. हे पहिल्या आठवड्यातलं. नंतर आत-बाहेर करणारं पाणी कडा खात जातं, तळ उकरून खड्डा करतं, आणि महिन्या-दोन महिन्यांत तेच खिंडार दुप्पट-तिप्पट रुंद, खड्ड्यासह चारशे-पाचशे घनमीटरचं काम होऊन बसतं. खारं पाणी वायंगणात (पावसाळ्यानंतरच्या भातशेतीत) शिरलं की एक हंगाम गेलाच. मीठ धुऊन निघायला पुढचा अख्खा पावसाळा लागतो, तोही पोंय (खाजनातला आतला ओहोळ) आणि मानस (नदीकडे उघडणारं पाण्याचं दार) नीट चालत असेल तर.

अंदाजपत्रकी वाट अशी: संघटनेचा अर्ज, विभागीय कृषी कार्यालयाची पाहणी, मृद्संधारणाकडून दरसूचीप्रमाणे अंदाजपत्र, प्रशासकीय व खर्च मंजुरी, निविदा. घाई केली तरी काही महिने. म्हणून तातडीच्या बंदोबस्ताची रक्कम तालुक्याच्या पातळीवर आगाऊ हवी: माडाची खोडं, बांबू, चटया, चिखलाच्या पिशव्या, होडी आणि मजुरी. खिंडार भांगाच्या दिवसांत बुजवायचं, अष्टमीच्या आसपास, जेव्हा भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात घातलेला चिखल त्याच रात्री नदीत. दोन भांगांमध्ये साधारण पंधरवडा. मंजुरी एक दिवस उशिरा आली तर काम पंधरा दिवस पुढे जातं, हे वित्त खात्याच्या टिपणीत कुठल्या रकान्यात लिहायचं?

मानशीचं दार दुसरी गोष्ट. लाकडी दारं भरतीला आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. बिजागरी झिजली, तळाच्या उंबरठ्याला गाळ साचला, फळी फुगली की दार पूर्ण मिटत नाही. मासळीच्या पावणीतून (मानशीवर मासे धरायच्या हक्काच्या लिलावातून) संघटनेला उत्पन्न येतं आणि ते बांधाच्या देखभालीला वापरायचं असतं. पण पावणी घेणाऱ्याला आत जास्त पाणी हवं असतं, शेतकऱ्याला कमी. दार रात्री मुद्दाम अडवून ठेवलं जातं ते यामुळे. सरकारी अनुदान देताना संघटनेच्या लेखापरीक्षित हिशेबाची आणि पावणीच्या शर्तींची अट घातली तरच पैसा बांधात राहील. नाहीतर आपण दर तीन वर्षांनी तोच बांध बांधणार.

सिव्हिल_फोंडा

मातीचा बांध दर पावसाळ्यात मागतोच. एकदा काँक्रीट किंवा जांभ्याची भक्कम भिंत करून टाका, ४७११ मधून. पंचवीस वर्षं चिंता नाही.

मानसकाठ

@सिव्हिल_फोंडा, पाया कशावर ठेवणार? खाली कित्येक मीटर मऊ चिकणमाती. जड भिंत सगळीकडे सारखी बसत नाही, सांध्याला फट पडते, आणि भिंतीच्या पायथ्याशी लाटेने उकरलं की अख्खा तुकडा कलतो. मातीच्या बांधातलं खेकड्याचं बीळ चार पाट्या चिखलाने बुजतं, काँक्रीटखालचं दिसतही नाही. मधला मार्ग आहे: नदीच्या बाजूला जांभ्याचं सुकं अस्तर, गाभा चिखलाचा, पाणी बाहेर पडायला छिद्रं. नदीकाठी कांदळवन असेल तर लाटेचा मारा तेच खातं. बांधावरच उगवलेलं असेल तर मुळं गाभ्यात शिरतात, पण ते काढायला वन खात्याची परवानगी लागते, आणि २०११ च्या किनारा अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी वेगळी कलमं आहेत. अंदाजपत्र करतानाच ती परवानगी जोडली नाही तर निविदा निघून काम अडकतं.

काँक्रीटचा आग्रह तांत्रिक कमी आणि लेखाशीर्षाचा जास्त. चिखल २४०२ मध्ये मोडतो, भिंत ४७११ मध्ये. कर्ज कशाला मिळतं ते वर पंपहाऊसने लिहिलंच आहे.

सिव्हिल_फोंडा

सांध्याचा मुद्दा मान्य. तरी पेठेला किंवा रस्त्याला लागून असलेल्या बांधाला भिंतच हवी. तिथे एक खिंडार म्हणजे घरांत पाणी. सगळ्या बांधांना एकच माप नको, एवढंच.

मानसकाठ

तिथे हरकत नाही.

रानमाळ_सत्तरी

वन खात्याचं वेळापत्रक याहून उलटं आहे. जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) डिसेंबर-जानेवारीत साफ करायच्या, फेब्रुवारी ते मे पहारा. २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूला आगी लागल्या तेव्हा आर्थिक वर्षाचे शेवटचे आठवडे होते. नेमकं तेव्हा मजुरीची ओळ संपत आलेली असते आणि नवी १ एप्रिलनंतर उघडते. काजूच्या बागायतींत पालापाचोळा जाळण्याचे दिवसही तेच. आग-पहारेकऱ्यांची मजुरी दोन आर्थिक वर्षांत फोडून आधीच बांधून ठेवली नाही तर माणसं एप्रिलच्या मध्यापर्यंत उधारीवर काम करतात, किंवा करत नाहीत.

कॅम्पाचा, म्हणजे रान तोडल्याच्या भरपाईतून वनीकरण करायच्या निधीचा, पैसा वेगळा. २०१६ च्या कायद्याने राज्याला ९० टक्के, १० टक्के राष्ट्रीय निधीला, अंमल ३० सप्टेंबर २०१८ पासून. हा पैसा राज्याच्या लोकलेख्यात, ८१२१ खाली व्याजी निधी म्हणून असतो. खर्च करायचा तर वार्षिक कार्य आराखडा राष्ट्रीय प्राधिकरणाकडून मंजूर होऊन यावा लागतो आणि विधानसभेतून विनियोगही व्हावा लागतो. कायम कर्मचाऱ्यांचे पगार, विदेश दौरे यांना मनाई आहे. म्हणून दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा: २४०६ च्या नेहमीच्या तरतुदी घटत जाताहेत आणि तीच कामं कॅम्पात सरकवली जाताहेत का? कॅम्पा हा तोडलेल्या रानाचा मोबदला आहे, खात्याच्या रोजच्या खर्चाला ठिगळ नव्हे.

रोपवन मोजताना हेक्टर मोजू नका. तिसऱ्या वर्षीची जगलेली झाडं मोजा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच्या देखभालीची ओळ आराखड्यात आहे का बघा. पहिल्या वर्षी खड्डे खणायला पैसे आणि नंतर शून्य, असं असेल तर जांभ्या कातळावर मार्चपर्यंत काय उरतं ते वेगळं सांगायला नको.

खाणपट्टा

आता अंदाजपत्रकात जवळजवळ न दिसणारा पैसा. टनामागे गणित करू. लोहखनिजाची सरासरी विक्री किंमत टनाला ३,००० रुपये समजा. स्वामित्वधन १५ टक्के, ४५० रुपये. हे ०८५३ मध्ये दिसतं, लिलावातला हप्ताही. जिल्हा खनिज निधीला १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या लीजवर स्वामित्वधनाच्या ३० टक्के म्हणजे १३५ रुपये, लिलावाच्या लीजवर १० टक्के म्हणजे ४५. शिवाय २१ एप्रिल २०१४ च्या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने विक्रीच्या १० टक्के, म्हणजे ३०० रुपये, कायम निधीत टाकायला सांगितले, पुढच्या पिढ्यांसाठी. वर्षाला २ कोटी टनांची अंतरिम मर्यादाही त्याच निवाड्यातली.

खनिज निधीचे दोन न्यास, उत्तर आणि दक्षिण गोवा. त्यांचा पैसा राज्याच्या एकत्रित निधीत येत नाही, त्यामुळे मागण्यांच्या पुस्तकात शोधू नका. न्यासाचा वार्षिक अहवाल आणि लेखापरीक्षण बघा. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत पिण्याचं पाणी, पर्यावरण, आरोग्य, शिक्षण अशा प्राधान्याच्या कामांना आधी किमान ६० टक्के होते, २०२४ च्या सुधारणेत ते ७० केले. बघायची गोष्ट ही की काम खाणीच्या धुळीतल्या गावात झालं की भलतीकडे. डंपाखालच्या ओढ्यातला गाळ काढणं, शेतात उतरलेली लाल माती हटवणं, गावच्या विहिरीतल्या मँगेनीजची तपासणी ही कामं मागावी लागतात, आपोआप यादीत येत नाहीत.

शिवाय प्रदूषण करणाऱ्या मालावरचा हरित उपकर आहे, २०१३ च्या कायद्याचा. उपकर वसूल होऊन सर्वसाधारण तिजोरीत पडला तर तो कशाला वापरला याचा माग लागत नाही. आणि १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा करासोबत केंद्राचा जल उपकर रद्द झाला, तेव्हापासून प्रदूषण मंडळांचा तो झराही आटला. मंडळाचा मुख्य आधार आता परवानगी शुल्क. ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्याच अर्जांवर पगार, ही रचना मला तरी पटत नाही.

नवखा_मतदार

खूप मिळालं. आता शेवटचं: गावच्या बांधासाठी किंवा बंधाऱ्यासाठी मागणी पुढच्या अंदाजपत्रकात बसवायची तर कधी, कुठे?

लेखाशीर्ष

@नवखा_मतदार, खाती आपले अंदाज साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये वित्त खात्याकडे पाठवतात. गोव्यात नियमित ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरात. जुलैच्या सभेत ठराव घ्या. ऑक्टोबरचा ठराव पंचायतीतून निघून खात्यात पोचेतो अंदाज गेलेला असतो. ठरावात 'बांध दुरुस्त करावा' एवढंच लिहू नका. बांधाचं नाव, सर्व्हे क्रमांक, लांबी मीटरमध्ये, खिंडाराची रुंदी, मानशीची दारं किती, बाधित क्षेत्र किती हेक्टर, आणि भांगाच्या वेळी काढलेला फोटो. प्रत कृषीच्या विभागीय कार्यालयाला, जलस्रोतच्या उपविभागाला आणि आमदाराला.

पंचायतीकडे पंधराव्या वित्त आयोगाचं २०२१-२६ या काळाचं अनुदान होतं, त्यातला ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला. आपल्याकडे नळयोजना राज्य खातं चालवतं, त्यामुळे तो पैसा विहिरी, झरी, तळ्यांकडे वळवता येतो. न खर्चलेली शिल्लक किती, ते पंचायत सचिवाला लेखी विचारा.

जुलै-ऑगस्टच्या अधिवेशनाआधी आमदारामार्फत लेखी प्रश्न टाका: या बांधाला कुठल्या लेखाशीर्षाखाली, किती, प्रशासकीय मंजुरी कोणत्या तारखेला. उत्तरं विधानसभेच्या संकेतस्थळावर चढतात. उत्तरात 'प्रस्ताव विचाराधीन' आलं तर नस्ती क्रमांक मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज त्याच आठवड्यात टाका. क्रमांक हातात असला की फाईल कुठल्या टेबलावर आहे ते विचारता येतं.

मानसकाठ

फोटोत मोजपट्टी दिसू द्या. नाहीतर पाहणीला आलेला माणूस रुंदी पुन्हा अंदाजानेच लिहितो.